मनोहरकाका ॲनाकोंडा पाहायला जातात

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ते नंतर सांगायची सोय नसते.

गणपतीची आरती नुकतीच संपली होती. मंडळानं भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये मी प्लेट घेऊन मोदकांच्या रांगेत उभा होतो. मागून मनोहरकाकांनी खांद्यावर हात ठेवला.

“काय रे, विमानातून नेता येत नाही, अपार्टमेंटमध्ये ठेवता येत नाही आणि एकदा घेतला की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येत नाही, असा पाळीव प्राणी कुठला?”

माझ्या विषयातला प्रश्न मंडळात मला कुणी विचारत नाही. त्यामुळे विचारला गेला की माझं भान सुटतं. “हिरवा ॲनाकोंडा!” मी म्हणालो, आणि तिथंच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. मी पुढे मादी आपल्या मिनीव्हॅनएवढी लांब कशी होते, तिला पोहायला हौद कसा लागतो, कुठली विमान कंपनी तिला का घेत नाही आणि कुठला घरमालक का ठेवू देत नाही, हे सगळं समजावून सांगितलं. लोक मला वळसा घालून पुढे गेले. मोदक संपले. काका “अस्सं” एवढंच म्हणाले. मला वाटलं, कोडं सोडवत असतील.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या क्लिनिकमध्ये आले. अपॉइंटमेंट घ्यायची असते हे ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, ते अपॉइंटमेंट न घेता आले, ससा घेतलेल्या एका बाई आणि पोपट घेतलेले एक गृहस्थ यांच्या मध्ये बसून राहिले, आणि आत आल्यावर म्हणाले, “मला एक पाहिजे. चांगल्या घरातला बघून दे.”

मी जनावरांचा डॉक्टर आहे. शिकागोच्या उपनगरात माझं क्लिनिक आहे आणि त्यातही मी साप, कासवं, सरडे असल्या मंडळींचा. परभणीला शिकत होतो तेव्हा गाई-म्हशींचे दात मोजायचो. इथं आल्यावर परीक्षा पुन्हा दिल्या आणि कसा कोण जाणे, सरपटणाऱ्यांकडे सरकलो. आमच्या मंडळात दगड भिरकावला तर डॉक्टरला लागेल, आणि लागल्यावर बघायलाही डॉक्टरच धावेल, अशी परिस्थिती. तिथं माझी ओळख करून देताना लोक जरा अडखळतात. “हेही डॉक्टरच… म्हणजे तसे.” मनोहरकाका तर स्वतः हृदयाचे सर्जन, आता निवृत्त. ते मला प्रेमानं “आमचा घोड्यांचा डॉक्टर” म्हणतात. मी आयुष्यात एकाही घोड्याला तपासलेलं नाही. पण घोड्याला निदान प्रतिष्ठा आहे, म्हणून मी ते चालवून घेतो.

आमच्या धंद्यात जनावरापेक्षा माणसांचंच निदान जास्त करावं लागतं. एक कुटुंब बॉल पायथन जातीचा अजगर घेऊन आलं होतं. थंडी सुरू झाल्यापासून तो काही खात नव्हता. ही जात थंडीत अनेकदा महिनोन्‌महिने तोंड मिटून बसते. वजन टिकून असेल तर काळजीचं कारण नसतं. पण तोपर्यंत त्या घरातल्या सासूबाईंनी त्याला पुण्यवान ठरवलं होतं. मैत्रिणी दर्शनाला येऊन जात होत्या. मी जेव्हा “मार्चमध्ये उंदीर खाईल” असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या एका आजींनी नातवाच्या सरड्याला रोज पोळी-तूप-गूळ खाऊ घातला होता. सरड्याचं पोट टम्म. “त्याला किडे द्या,” म्हटल्यावर आजी म्हणाल्या, “अय्या, घरचं असताना?”

असली गिऱ्हाईकं मला चालतात. काका त्यातले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मी ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा निश्चय पाहिला, म्हणून दार लावलं आणि विचारलं, “कशासाठी?”

कारण केतकी. काकांची एकुलती एक मुलगी सनीव्हेलला, देशाच्या पार पश्चिम टोकाला असते, नवराबायको दोघंही चिप डिझाइनमध्ये. काकू गेल्यापासून ती बाबांना तिकडं राहायला बोलावते आहे. प्रेमानं बोलावते, त्यात खोट काही नाही. अपार्टमेंटमधली एक खोली तिनं रिकामी केली, गादी मागवली, आणि पुढच्या महिन्यात इथलं घर विकायला काढायचं म्हणून एक ब्रोकर येऊन फोटोही काढून गेला. काकांना जायचं नव्हतं. त्यांचं घर, त्यांचं गॅरेज, काकूंनी लावलेली जास्वंदाची कुंडी, जी ते दर हिवाळ्यात स्वतः उचलून आत नेतात, यातलं काहीच त्यांना सोडायचं नव्हतं.

“मग नाही म्हणून सांगा ना.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीच्या थोबाडीत मारायला सांगितलंय. “एवढ्या मायेनं बोलावते पोरगी. तिला तोंडावर नाही म्हणू?”

“मग काय म्हणता?”

“म्हणतो, येईन की. का नाही येणार?”

तर बेत असा होता. काका येणार म्हणत राहणार आणि ‘नाही’ म्हणायचं काम ॲनाकोंडा करणार. केतकीला सापाचं नाव काढलं तरी शहारे येतात. ना तो विमानात चढणार, ना अपार्टमेंटवाले त्याला आत घेणार. काका हळहळून म्हणणार, “यायचं खूप होतं गं, पण याला कुठं टाकू?” पन्नास वर्षं या देशात काढलेल्या, हजारो छात्या उघडलेल्या माणसाला एक शब्द उच्चारण्यापेक्षा घरात अजस्र साप पाळणं सोपं वाटत होतं. आणि मी त्यांना हसलो नाही, कारण मेहुण्याबरोबर भागीत घेतलेला टाइमशेअर, म्हणजे वर्षातून एक आठवडा वाट्याला येणारं सुट्टीचं घर, आता नको, हे मी त्याला अजून सांगू शकलेलो नाही.

घरी आल्यावर हे सगळं मी नीलिमाला, म्हणजे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना मांजर घेऊन दे.” मांजर विमानातून जातं, हे मी तिला समजावलं.

आता जरा धंद्याचं बोलतो. चांगला ब्रीडर, म्हणजे प्राण्यांची नीट पैदास करणारा माणूस, शोधणं आणि स्थळ शोधणं यात फरक फार थोडा. बाजारात जे ॲनाकोंडे ‘आमच्याकडेच जन्मलेले’ म्हणून विकले जातात, त्यातले काही दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्यातरी दलदलीतून आधीच कधीतरी उचललेले असतात. अंगावर गोचिडी, पोटात जंत, छातीत सर्दी, आणि माणसाबद्दल त्यांचं मत आपण समजू शकतो. असं एक जनावर माझ्या टेबलावर आलं होतं. घेणाऱ्यानं “हौस म्हणून” घेतलं होतं, न्हाणीघरातल्या टबात ठेवलं होतं, गार पाण्यात. फुफ्फुसं पार गेलेली. मला त्याला झोपवावं लागलं. झोपवणं हा शब्द आम्ही आमच्या सोयीसाठी वापरतो. तेव्हापासून मी ठरवलं, की साप घेऊ नका असं सांगून कुणी ऐकत नाही, तर निदान कुठून घ्यायचा हे तरी सांगावं.

या कामात काका मात्र तयार निघाले. मंडळातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलीत. त्यांची चौकशीची पद्धत ठरलेली: आईवडील दाखवा, भावंडं किती, घराण्यात काही दुखणं, आधी कुठं बोलणी मोडली का? मी थक्क झालो. आमच्या शास्त्रातही नेमकं हेच विचारायचं असतं, फक्त आम्ही ते लॅटिन शब्द घालून विचारतो.

पहिला विक्रेता भेटला एका प्रदर्शनात. मोठा हॉल, प्लास्टिकच्या डब्यांत शेकडो साप, पॉपकॉर्नचा वास. “शंभर टक्के घरी जन्मलेला,” तो म्हणाला. मी भिंग लावून पाहिलं, तर हनुवटीखाली गोचीड, नाकपुडीत बुडबुडा.

“याचे आईवडील कुठं आहेत?” काकांनी विचारलं.

“ते… फ्लोरिडात.”

“भेटायला मिळतील?”

“नाही, त्यांचा संपर्क नाही.”

“अनाथ आहे,” काका मला मराठीत म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

दुसरा व्हिडिओ कॉलवर. गळ्यात साप घालून बसलेला, हसतमुख. “ही मादी आहे, पण ही जात लहानच राहते,” म्हणाला. ॲनाकोंडाची मादी लहान राहते हे ऐकून मला खुर्चीतच उचकी लागली. हौसेच्या माणसानं घ्यायचा तर नर घ्यावा. तो मादीच्या मानानं बेतात असतो. पुढे त्यानं तिच्या आईचा फोटो दाखवला. तोच फोटो मी आणखी दोन विक्रेत्यांच्या पानांवर पाहिला होता.

काकांनी फोन बंद केला. “असं एक स्थळ आलं होतं एडिसनहून. फोटो धाकट्या भावाचा लावलेला.”

शेवटी माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं लॉरेनचं नाव सुचवलं. आमच्याच राज्यात, खाली दक्षिणेला, मक्याच्या शेतांत राहणारी बाई. हे महत्त्वाचं, कारण असलं जनावर राज्याच्या हद्दीपार नेणं म्हणजे कायद्याची डोकेदुखी, आणि परवान्याचे नियम गावागणिक वेगळे. लॉरेन आयुष्यभर शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात ॲनाकोंडे वाढवायची. दोन्ही कामांना लागणारा स्वभाव एकच, असं तिचं म्हणणं. फोन केला तर आमची चौकशी बाजूलाच राहिली, तिनंच आमची सुरू केली. खोली किती गरम ठेवाल? पाणी किती वेळा बदलाल? सांडपाणी कुठं जाईल? मी खूष. चांगला ब्रीडर ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण: त्याला विकायची घाई नसते.

“मोठा साप एकट्यानं हाताळायचा नसतो,” लॉरेन म्हणाली. “तुमच्या घरी दुसरं माणूस कोण?”

“आहे एक डॉक्टर,” काका म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी कामाला लागलो होतो. हे मात्र मी नीलिमाला सांगितलं नाही.

शनिवारी आम्ही निघालो. काका ब्लेझर आणि टाय घालून आले होते. मांडीवर डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी मिठाईवाल्याकडून आणलेला पेढ्यांचा बॉक्स.

“काका, साप बघायला चाललोय.”

“पहिल्यांदा कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं.”

लॉरेन सत्तरीची, उंच, पायांत गमबूट. तिनं दारातच विचारलं, “कॉफी?” मी हो म्हणालो. काका म्हणाले, “नको नको, कशाला.” दोन कप आले. एक तिचा, एक माझा. काकांनी माझ्या कपाकडे पाहिलं आणि नजर मक्याच्या शेताकडे वळवली. गाडीत तीन तास बसलेल्या, कॉफीशिवाय सकाळ न काढणाऱ्या माणसाची ती नजर होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मागच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ जमली. मी आधी नाकानं तपासलं. ॲनाकोंडा सगळे विधी पाण्यात करतो, त्यामुळे जागा कशी ठेवली आहे हे वासावरून कळतं. वास नव्हताच. पाणी स्वच्छ, तळ दिसणारं. पाण्याच्या तळाशी काळे ठिपके, म्हणजे अंगावरून पडलेल्या किडी, तेही नाहीत. आई समोर होती, हौदात अर्धी बुडालेली, माझ्या मांडीएवढी जाड. बाप पलीकडे. “अंडी कुठं ठेवता?” काकांनी विचारलं. लॉरेन म्हणाली, “ही अंडी घालत नाही. सरळ पिल्लंच होतात.” काकांनी आईकडे नव्या आदरानं पाहिलं.

मग तिनं एक तरुण नर बाहेर काढला. मनगटाएवढा, शेवाळी, त्यावर काळे गोल. तो तिच्या हातावर लांबला आणि त्याचं पोट आमच्याकडे वळलं.

“हृदय कुठं असतं याचं?” काका पुटपुटले.

लॉरेननं बोटानं दाखवलं. तिथले खवले अगदी हलके वर-खाली होत होते. काका वाकले, आणखी वाकले. त्यांचे ओठ हलत होते. ते ठोके मोजत होते. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं गप्प आणि इतकं सुखात पाहिलं नव्हतं. सनीव्हेल, ब्रोकर, सगळं ते विसरले होते. त्यांना तो साप आता खरोखरच हवा होता. त्यांनी ब्लेझर काढला, घड्याळ खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या आणि शेडच्या बेसिनवर जाऊन ऑपरेशनआधी धुतात तसे कोपरापर्यंत हात धुतले.

“घ्या हातात,” लॉरेन म्हणाली.

“नाही नाही, असू दे.”

“नक्की?”

“अगदी नक्की. उगाच तुम्हाला त्रास.”

“ओके,” लॉरेन म्हणाली. तिनं साप परत ठेवला, झाकण लावलं आणि चारही कोपऱ्यांच्या क्लिपा बंद केल्या.

काका ओले हात पुढे धरून तसेच उभे.

“वाईट वाटून घेऊ नका,” ती म्हणाली. “माझा एकच नियम आहे. ज्याला तो हातात घ्यावासा वाटत नाही, त्याला मी देत नाही. आणि खरं सांगायचं तर, एकट्या माणसाला द्यायचं माझ्या जिवावरच आलं होतं.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, आमच्याकडे पहिलं ‘नको’ हे खरं नसतं. दुसरंही नसतं. समोरच्यानं आग्रह करायचा असतो, मग आपण घ्यायचं असतं.

लॉरेननं हे मन लावून ऐकलं. “मग खरंच नको असेल तेव्हा काय म्हणता?”

मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे.

“म्हणत नाही,” काका म्हणाले.

पेढ्यांचा बॉक्स तिनं एकदाच “थँक यू” म्हणून घेतला, जराही आढेवेढे न घेता. काकांना तेही लागलं.

परतीच्या वाटेवर बराच वेळ नुसता मका. मग काका फुटले. “एकदा तरी परत विचारायचं!”

“विचारलं की तिनं. ‘नक्की?’ म्हणून.”

“ते काय विचारणं झालं? हातात कोंबायचा होता.”

“लाडू आहे का तो, काका?”

काका हसले नाहीत. पेट्रोल भरायला थांबलो, मी गाडीत परत आलो, तरी ते तसेच समोर बघत बसलेले. मग म्हणाले, “म्हणजे इथं एकदा नाही म्हटलं, की संपलं?”

“संपलं.”

“राग नाही, रुसवा नाही?”

“बघितलंत ना. ओके म्हणाली आणि क्लिपा मारल्या.”

“केतकी इथंच जन्मली,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन काढला. तो गाडीला जोडलेला होता, त्यामुळे मला ऐकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी बाहेर उतरू लागलो, तर त्यांनी माझी बाही धरून ठेवली.

“हाय बाबा! एव्हरीथिंग ओके?”

“केतकी, मी तिकडे राहायला येणार नाही. घर विकायचं नाही. नाही.” एका दमात. शेवटचा ‘नाही’ तर कुठं लावायचा हे न कळून राहून गेल्यासारखा.

काकांची पकड घट्ट झाली.

“ओके, बाबा,” केतकी म्हणाली.

“ओके?”

“आय थॉट यू वाँटेड टू कम. यू सेड येस एव्हरी सिंगल टाइम! मी ब्रोकरला कॅन्सल करते. पण रोज फोन करायचा. डील?”

“हो.”

“इज धिस अ रिअल येस?”

“खरं हो,” काका म्हणाले.

फोन बंद झाला. मी म्हटलं, “झालं की काका! घर राहिलं. साप न घेता.” काकांनी मान हलवली. चष्मा काढला, टायच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला.

“एकदासुद्धा म्हणाली नाही रे,” ते म्हणाले, “‘असं काय करता, या ना बाबा’ म्हणून.”

यावर माझ्या शास्त्रात औषध नाही. मी गाडी सुरू केली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नीलिमा सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं: कॉफी, कोपरापर्यंत धुतलेले हात, क्लिपा, आणि आपल्या लोकांना सरळ ‘नाही’ कसं म्हणता येत नाही आणि ऐकताही येत नाही, यावर एक छोटंसं व्याख्यानही दिलं. ती हसली, मग केतकीच्या फोनाचं सांगितलं तिथं हातातल्या टॉवेलची घडी अर्धीच राहिली.

“काका जेवले का?” तिनं विचारलं.

“मी म्हटलं ना त्यांना, आमच्याकडे चला जेवायला. नको म्हणाले, भूक नाही. मग त्यांना घरी सोडलं आणि आलो.”

नीलिमानं हातातला टॉवेल खाली ठेवला.

“नको म्हणाले, आणि तू ऐकलंस? जा, घेऊन ये त्यांना. मी कुकर लावते.”